पाऊलखुणा नाहीत, तरी साक्ष आहे

१/ हाडे प्राण्याचा देह दाखवतात. पाऊलखुण त्याच्या जगण्याचा एक क्षण. टांझानियातील लेटोली येथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकाला ओल्या ज्वालामुखीय राखेत उमटलेली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले सापडली. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज दोन पायांवर चालत होते, हे त्यांनी सिद्ध केले.

२/ यवतमाळच्या बहुतेक भूमीवर मात्र लाव्हा पसरला. त्या तप्त रसावर पाऊल कोण ठेवणार?

३/ पण वर्धा नदी ओलांडा. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा ऊर्फ पिजदुरा गावी, लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत डायनासोरांच्या अस्थी आणि अश्मीभूत विष्ठा मिळते.

४/ २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण ओळखले. गवत डायनासोरांच्या अस्तानंतरचे, हा रूढ समज तेथेच कोसळला.

५/ पाऊल चाल सांगते, विष्ठा आहार सांगते. दोन्ही जिवंतपणाच्याच खुणा. म्हणून शेतात असा चमत्कारिक दगड दिसल्यास उचलू नका, जागीच छायाचित्र घ्या. थरातून सुटलेला दगड आपला काळ विसरतो.