बांधावरचं रानमांजर

1930 सालचा मार्गशीर्ष. पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या बांधावर तुम्ही उभे आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. भात कापून झालंय, खळ्यावर उडवी रचलीय. पायाशी एक बीळ, त्याच्या तोंडाशी ताजी माती लोटलेली. आत घूस आहे आणि तिने ओढून नेलेल्या लोंब्याही. उद्या कातकरी हे बीळ खणतील, दाणेही काढतील आणि घूसही.

आज रात्री मात्र तिच्या मागावर दुसरंच कुणी आहे. गवतातून रानमांजर येतं. इथली माणसं त्याला बाऊल म्हणतात. लांब पाय, आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं. ते थबकतं. फक्त कान फिरतात. माती किंचित हलते, त्याच क्षणी ते उसळी घेतं. पंजे खाली, दात मानेत. संपलं.

हा बांध घुशींनी आणि खेकड्यांनी पोखरला, की उधाणाचं पाणी वाट काढतं. एकदा खांड पडली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भाताची आशा नाही. त्या एका झेपेत कुणाच्या तरी घरचा तांदूळ वाचलाय.

आता 1986 चा एप्रिल. याच वर्षी रोहा-मुरूडच्या डोंगरांत फणसाड अभयारण्य जाहीर झालंय. रोह्याच्या वरकस जमिनीवर गवत वाळून पिवळं पडलंय, ओढे आटलेत. इथे रानमांजराला सरडा चालतो, तित्तर चालतो, सशाचं पिल्लूही चालतं. पण वाटेवरची त्याची वाळलेली विष्ठा काडीने उकलून पाहा. राखाडी केस, हाडांचे तुकडे, एक पिवळट-नारिंगी दात. उंदराचाच.

राजस्थानातल्या सरिस्काच्या कोरड्या रानातही असंच आढळलं. तिथल्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खातं. वर्षाचा आकडा हजारावर जातो.

आता आपल्या काळात या. बांध तोच आहे, घूसही तीच. विषाची गोळी टाकण्याआधी विचार करा, कारण ती खाल्लेला उंदीर रानमांजराच्याही पोटात जाऊ शकतो. बांधालगत गवताचा एक पट्टा न जाळता राखा. त्याला लपायला तेवढं पुरतं, आणि शेताची राखण ते मजुरी न मागता करतं.