पासाच्या अंतरावरची जमीन

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एका मित्राने विचारलं, "तू रत्नागिरीचा ना? तिकडे आता रेल्वे आहे. एखादा स्वस्तातला प्लॉट बघ की माझ्यासाठी. नाहीतरी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला यायचं असतं. तिथूनच ये-जा करीन."

मी हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो. समोर रेल्वेचं वेळापत्रक, आमच्या जमिनीचा सातबारा आणि दोन-चार जुनी पुस्तकं. त्यातून जे जमलं ते इथे लिहितोय.

आधी सरळ हिशोब. सीएसएमटी ते रत्नागिरी रेल्वेने साधारण साडेतीनशे किलोमीटर. रेल्वेचा मासिक पास दीडशे किलोमीटरच्या पुढे मिळत नाही. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारतसुद्धा साडेचार तासांच्या आसपास घेते, आणि पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. म्हणजे रोजच्या ये-जा करण्याचा विषय संपला. पण "गाडीने पोचता येईल आणि खिशाला परवडेल अशी जागा कुठे?" हा प्रश्न काही माझ्या मित्राचा एकट्याचा नाही. मुंबईत शंभर-सव्वाशे वर्षं लोक हेच विचारतायत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. पण तेव्हा ठाण्याला राहून कोणी फोर्टात नोकरीला जात नव्हतं. शहर दाटीवाटीने दक्षिणेतच भरत गेलं. १८९६ ला प्लेग आला आणि त्या दाटीची किंमत कळली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पुढे दादर-माटुंग्याला प्लॉट पडले. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची लोकल धावली, १९२८ मध्ये पश्चिमेला बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत. गाड्या वाढल्या तशी 'परवडणारी' जागा पुढे पुढे सरकत गेली. आधी पार्ले, मग डोंबिवली, मग बदलापूर आणि नालासोपारा. जिथे जागा स्वस्त तिथे गाड्या कमी, आणि गाड्या वाढल्या की जागा महाग. हा खेळ आजही तसाच चालू आहे.

यात एक गंमत आहे. हा सगळा इतिहास पासवाल्यांचा, म्हणजे कारकून, शिक्षक, बँकवाले यांचा. रत्नागिरीचा माणूस यात बराच काळ नव्हताच. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या जनगणनांमध्ये बाहेर जन्मलेल्या लोकांत सगळ्यात मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा असे. (तेव्हाचा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. तो १९८१ मध्ये वेगळा झाला.) मग ही माणसं राहायची कुठे?

गिरणीच्या दारात. भोंगा झाला की पोचायला हवं, म्हणून लालबाग, परळ, शिवडीच्या चाळीत. एका खोलीत दहा-पंधरा गडी, पाळीपाळीने झोपायचे. जेवण खानावळीत. बायकापोरं गावी. माझे पणजोबा असेच राहिले, आजोबाही. घरून निघायचं ते आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे वाट बंद. रोज ये-जा करता येत नाही म्हटल्यावर कोकणी माणसाने घराचेच दोन तुकडे केले. पगार मुंबईत, चूल गावात, आणि दोघांना जोडणारी मनीऑर्डर.

आता तुम्ही म्हणाल, एवढी जमीन होती तर गेले कशाला? जमीन होती, पण बहुतेकांची स्वतःची नव्हती. गावावर खोत, त्याच्याखाली कुळं. भाताची चिंचोळी खाचरं, बाकी वरकस आणि कातळ. पिकातला मोठा हिस्सा खोताकडे जायचा, वर वेठबिगार. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर नेला. तेव्हा ते विधेयक काही मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. मग १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणाऱ्या कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. आमच्या घरात जमीन 'आपली' झाली ती तेव्हा, आणि ती मोकळी करायची रक्कम बरीचशी गिरणीच्या पगारातून हप्त्याहप्त्याने गेली. म्हणजे बघा, मुंबईच्या कमाईतून मुंबईत जागा घ्यायची सोडून माणसं साडेतीनशे किलोमीटरवरचं खाचर सोडवत होती. माझ्या मित्राला हा वेडेपणा वाटेल.

मलाही वाटायचा. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा चित्र वेगळं दिसलं. १८९६ चा प्लेग : लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. १८ जानेवारी १९८२ : दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप काही अधिकृतपणे मिटला नाही, पगार बंद झाले आणि कितीतरी कुटुंबं गावी येऊन राहिली. आमचे आजोबाही त्या वर्षी भात लावायला घरी होते. मार्च २०२० : लॉकडाऊन. चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, काहीजण चक्क चालत, गावाकडे निघाले. मीसुद्धा त्या वर्षी वरच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलो होतो, नेटवर्कसाठी आंब्याखाली उभा राहत होतो. ही जमीन रोज नोकरीला जाण्यासाठी नव्हतीच. मुंबईने हात वर केले की परत यायला जागा हवी, म्हणून ती होती.

मग रेल्वेचं काय? कोकण रेल्वेसाठी बॅ. नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला. १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं, श्रीधरन त्याचे प्रमुख. रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंच पानवलचा पूल बांधून जानेवारी १९९८ मध्ये मार्ग पूर्ण झाला. मी तेव्हा शाळेत होतो. सगळ्यांना वाटलं, आता मुंबई जवळ आली, आता माणसं गावात राहतील. झालं उलटंच. जाणं सोपं झालं म्हणून जे अजून उरले होते तेही गेले. गणपतीला मात्र सगळे येतात.

राहिला 'स्वस्त' हा शब्द. आमच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर आज सतरा नावं आहेत. चुलते, चुलत चुलते, आत्या, दोन मयत ज्यांचे वारस अजून लागलेले नाहीत. सतरा सह्या झाल्याशिवाय व्यवहार होत नाही, म्हणून एजंट भाव पाडून मागतो. शिवाय घेणारा शेतकरी नसेल तर शेतजमीन त्याला सरळ घेताच येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर आधी बिनशेती करून घ्यावी लागते. म्हणजे मित्राला जी जमीन स्वस्त दिसते ती खरं तर अडकलेली जमीन आहे.

माझ्या चुलत्यांनी या प्रश्नाचं स्वतःपुरतं उत्तर शोधलं होतं : दिवा. सीएसएमटीपासून त्रेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पास निघतो, आणि सावंतवाडीची साधी गाडी तिथूनच सुटते. लोकल आणि गावची गाडी एकाच स्टेशनात! चाळीतली खोली सुटल्यावर त्यांनी तिथे एक छोटी जागा घेतली. आमच्याकडची अशी पुष्कळ माणसं दिव्यात आहेत. जागा परवडली, कारण इमारतीचे कागद पुरे नव्हते. ते अजूनही नाहीत. म्हणजे गावच्या जमिनीवर सतरा नावं, आणि दिव्याच्या खोलीवर धड एकही नाही.

गेल्या महिन्यात भावंडांमध्ये सतराव्या सहीची बोलणी चालू होती. मीही जवळजवळ तयार होतो. खरं सांगायचं तर मित्राला हा लेख लिहून दाखवण्याआधी मी मनात भावाचा हिशोबही केला होता. त्या सतरा नावांतली एक आत्या दिव्याला राहते. तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विकलीस तर गणपतीला उतरणार कुठे रे?" मला उत्तर देता आलं नाही.

असो. मित्राला सोमवारी सांगणार आहे : पासाच्या अंतरावर हवं असेल तर वांगणी-नेरळकडे बघ, कागद मात्र नीट तपास. आमच्याकडे सुट्टीत जरूर ये. आणि मी या मे महिन्यात तलाठ्याकडे जाऊन आधी त्या दोन मयतांचे वारस लावून घेणार आहे. विकायचं की नाही ते त्यानंतर बघू.