तारपा, हैतीचा ढोल आणि आपली हलगी

मागल्या महिन्यात आमच्या वस्तीत जयंती कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच. मिरवणुकीत वाजवायचं काय? माझ्या लूमखात्यातला एक वारली गडी माझ्यासंगं आला होता. तो दबकत म्हणाला, "आमच्या पाड्यावरचा तारपा आणतो. पैसं नको. बाबासाहेबांचं काम हाय."

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एक कार्यकर्ता हसला. "अरे, ते भगताचं, देवाचं, दारूचं. आपण बौद्ध माणसं. आपल्याला ते मागासलेपण कशाला?" ठराव झाला : डीजे. तो गडी उठला, चपला घातल्या, निघून गेला. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

मित्रांनो, माझी शाळा दहावीपर्यंत. बाकीचं शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतनं, सेकंड शिफ्ट सुटल्यावर. पण जे सांगतोय ते ऐकून घ्या, मग ठराव करा.

वाणगाव म्हटलं की लोकांना मिरची आठवते. डहाणू म्हटलं की चिकू. गाडीनं बोईसर सोडलं की पुढचं स्टेशन वाणगाव, त्यापुढं डहाणू रोड. समुद्राकडं तारापूरची अणुभट्टी, १९६९ पासून वीज करणारी. डोंगराकडं वारल्यांचे पाडे. इथली जमीन आधी त्यांनीच कसली. इंग्रजांचा सारा आला, तो रोखीत भरायचा, रोख सावकाराकडं. बघता बघता जमीन सावकाराच्या नावावर गेली आणि मालक कूळ झाला. कूळ झाला की वेठ आली. मालकाचं शेत आधी, स्वतःचं मागनं. मजुरी मिळाली तर मिळाली.

यातला सगळ्यात काळा शब्द म्हणजे लग्नगडी. तरुण वारल्याला लग्न करायचं, हातात पैसा नाही. मालक थोडं कर्ज द्यायचा. त्या कर्जापायी नवराबायको दोघंही मालकाच्या दारात राबायची. वही मालकाची, आकडा मालकाचा, वारल्याला वाचता येत नाही. कर्ज फिटणार कधी? सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारला अहवाल दिला, त्यात ही वेठ लिहून ठेवलीय. कायद्याच्या पुस्तकात हिंदुस्थानातली गुलामगिरी १८४३ सालीच संपली होती. म्हंजे कागद संपवतो आणि वही चालू ठेवते.

मग १९४५ उजाडलं. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं इकडचे वारली गेले. मे महिन्यात झरी गावात त्यांची स्वतःची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असा ठराव झाला. आणि वारल्यांनी तो पाळला. लग्नगडी मालकांच्या दारातून बाहेर पडले. मग गवतकापणीच्या मजुरीचा संप. ५०० पौंड गवताला अडीच रुपये द्या, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली जमले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड पडला, त्याच्याबरोबर आणखी चौघं. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा लिहिलाय. वाचा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लाल बावट्याखाली झालं, तारप्याचा इथं काय संबंध?

मी मुद्दाम पाड्यावर जाऊन तारपा बघितला. वाळवलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढं ताडाच्या पानाचा कर्णा, सांध्यांना मेण. वाजवणारा फुंक तुटू देत नाही. नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती वेटोळं घेत फिरतात आणि तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. यात पुढारी कोण, मालक कोण, सांगता येत नाही. दिवसभर वेठ करणाऱ्या माणसाला रात्री आपण माणसं आहोत हे कुठं कळत असेल? याच वेटोळ्यात.

आणि त्यांचं लग्न बघा. लग्न लावायला भट नाही. धवलेरी लागते. धवलेरी म्हंजे बाई. ती गाणी म्हणते आणि लग्न लागतं. भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघाट देवी. जोतिबांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटाशिवाय लग्न लावायला आपल्याला शिकवलं. वारल्याला ते शिकवावं लागलं नाही. आता सांगा, मागासलेला कोण?

मालकानं त्याच लग्नाचा फास केला, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण आता मी तुम्हाला समुद्रापार नेणार आहे, आणि तिथंही लग्नच आडवं येणार आहे.

अमेरिका खंडाजवळ, कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. पेपरात तो दिसतो तो २०१० च्या भूकंपामुळं, २०२१ च्या राष्ट्राध्यक्षाच्या खुनामुळं, टोळ्यांच्या गोळीबारामुळं. त्यापलीकडचा हैती आपल्याला कुणी सांगत नाही. पूर्वी ही फ्रेंचांची वसाहत, नाव सां-दोमिंग. १७९० च्या सुमाराला तिथं जवळपास पाच लाख गुलाम होते, सगळे आफ्रिकेतनं आणलेले नाहीतर त्यांची पोरं. गोरे तीसेक हजार. उसाच्या मळ्यात माणसं इतक्या लवकर मरायची की मालक नवीन विकत आणायचे. फ्रान्सच्या राजानं १६८५ साली गुलामांसाठी कायदा केला, त्याला काळी संहिता म्हणतात. आपल्याकडं मनूची, त्यांच्याकडं राजाची. त्यात लिहिलंय, प्रत्येक गुलामाचा बाप्तिस्मा करा. आणि असंही लिहिलंय, वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा वा रात्री एकत्र जमायचं नाही, लग्नाच्या निमित्तानंसुद्धा नाही. जमले तर फटके आणि डाग. पुन्हा पुन्हा जमले तर मरणाचीही शिक्षा.

मालक लग्नाला का भीत होता? लग्नात माणसं जमतात. माणसं जमली की ढोल वाजतो. ढोल वाजला की वेगवेगळ्या मळ्यांवरची, वेगवेगळ्या बोलीची माणसं एका ठेक्यावर येतात. कोणी काँगोचा, कोणी दाहोमीचा, कोणी योरुबा. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता, ठेका कळत होता. त्यातनंच त्यांची क्रेओल भाषा घडली आणि त्यातनंच त्यांचा धर्म घडला, वोदू. वर ख्रिस्ती संतांच्या तसबिरी, आत आफ्रिकेतली दैवतं. किल्ल्या घेतलेला संत पीटर म्हंजे वाट उघडणारा लेग्बा. घोड्यावरचा संत म्हंजे लोखंडाचा आणि लढाईचा ओगू. आणि एक अझाका, खांद्याला झोळी अडकवलेला शेतकरी देव. वारल्यांची कणसरी जशी धान्याची, तसा हा शेताचा. ढोल तीन. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला ते 'मांमां' म्हणतात. आई.

ऑगस्ट १७९१ मध्ये एका रात्री, बुवा कायमां नावाच्या रानात, गुलाम जमले. बुकमां नावाचा पुढारी आणि सेसील फातिमां नावाची पुजारीण होती, असं हैतीचे लोक सांगतात. या रात्रीची पहिली छापील हकीगत आली १८१४ साली, तीही एका फ्रेंच डॉक्टरच्या हातची. म्हंजे गुलामाच्या बंडाची नोंदही मालकाच्या बाजूच्या लेखणीनं. आपल्याला हे नवीन नाही. पण पुढचं कोणाला नाकारता आलं नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेच्या रात्री उत्तरेकडचे उसाचे मळे पेटले. बारा वर्षं लढाई चालली. तुसां लुव्हेर्त्यूर, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, सेनापती झाला. नेपोलियननं फौज पाठवली, तुसांला पकडून फ्रान्सच्या थंड किल्ल्यात ठेवलं, तिथं तो १८०३ साली मेला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपोलियनची फौज हरली. १ जानेवारी १८०४ ला देसालीननं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि देशाला तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव दिलं, हैती, डोंगराळ भूमी. गुलामांनी बंड करून उभा केलेला देश.

त्या दिवशी हैतीच्या घराघरात आजही भोपळ्याचं सूप होतं. लोक सांगतात, हे सूप गुलामांनी शिजवायचं आणि मालकानं प्यायचं, गुलामाला ते तोंडाला लावायची बंदी. स्वतंत्र झाले त्या दिवशी ते प्याले. २०२१ साली युनेस्कोनं त्या सुपाला जगाच्या वारशात घेतलं. मला चवदार तळं आठवलं. २० मार्च १९२७. तिथंही पाण्याला चव होती ती हक्काची.

आता वही परत येते. १८२५ साली फ्रान्सची लढाऊ जहाजं हैतीपुढं उभी राहिली. आमचे गुलाम गेले, मळे गेले, भरपाई द्या. १५ कोटी फ्रँक. सुटलेल्या गुलामांनी आपल्याच कातडीची किंमत मालकाला द्यायची! पुढं रक्कम ९ कोटींवर आणली. पण ती भरायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज, त्यावर व्याज. या कर्जांचा शेवटचा हिशेब मिटला १९४७ साली. लग्नगड्याचं कर्ज आणि हैतीचं कर्ज, वही एकच. हैती गरीब का, असं कोणी विचारलं तर त्याला हा आकडा सांगा.

आणि वोदूचं काय झालं? गोरे गेले, पण आपल्याच शिकलेल्या लोकांना त्याची लाज वाटू लागली. हैतीच्याच सरकारनं १८३५ च्या फौजदारी कायद्यात त्यावर बंदी घातली. १९४१-४२ मध्ये चर्चनं सरकारची मदत घेऊन अंधश्रद्धाविरोधी मोहीम काढली. ढोल जाळले, देवाची झाडं तोडली. ज्या ढोलावर देश जमला तो ढोल आगीत. याच्या आधी १९२८ साली, अमेरिकन फौज देशात ठाण मांडून बसलेली असताना, जाँ प्राइस-मार्स नावाच्या डॉक्टरनं पुस्तक लिहून शिकलेल्यांना सुनावलं होतं, की आपल्या खेड्यातल्या माणसाच्या गाण्या-गोष्टींत आपण आहोत, पॅरिसच्या नकलेत नाही. वोदूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळायला २००३ साल यावं लागलं. मिरवणुकीत मात्र ढोल थांबला नाही. ईस्टरच्या आधी तिथं 'रारा' निघतो. बांबूचे लांब कर्णे असतात, एका कर्ण्यातून एकच सूर निघतो. म्हंजे एकट्याला गाणं वाजवताच येत नाही. पाच-सहा जण लागतात.

मित्रांनो, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे. अंगात येणं, बोकड, भगताचा अंगारा, यातलं काही मला पटत नाही, तुम्हालाही पटू नये. आजारी पोराला दवाखान्यात न्यायचं, हे मी त्या गड्यालाही सांगतो. पण ही एक गोष्ट. आणि त्याचा तारपा बघून हसणं ही दुसरी गोष्ट. पहिलीत विचार आहे. दुसरीत सवर्णाची नजर आहे, ती आपल्या डोळ्यात कधी शिरली ते आपल्याला कळलं नाही.

माझा पणजा गावात हलगी वाजवायचा. पाटलाच्या घरचं लगीन, हलगी. पाटलाच्या घरचं मयत, हलगी. वाजवून झालं की उंबऱ्याबाहेर बसायचं, वरनं टाकलेली भाकर झेलायची. धर्मांतर झालं, त्यानं हलगी आढ्याला टांगली आणि परत काढली नाही. बरोबर केलं. त्या हलगीवर हुकूम पाटलाचा होता. पण म्हणून आपण गाणं सोडलं काय? भीमराव कर्डकांचे जलसे आठवा. साचा तमाशाचाच, पण गणात गणपती नाही, बाबासाहेब. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. ढोलकी तीच होती. हुकूम बदलला होता. वाद्य टाकायचं का ठेवायचं, हे ठरवताना एवढंच विचारायचं : ते कोणाच्या हुकमानं वाजतं? तारपा वारल्याच्या हुकमानं वाजतो. पाटलाच्या हुकमानं तो वाजलेला नाही. आपल्या हलगीला जे मिळालं नाही ते त्याच्या तारप्याला आहे, आणि आपण त्याला मागास म्हणतो.

जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या डु बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांच्या आणि आपल्या दुःखातलं साम्य दाखवलं. त्या डु बॉइसचा बाप हैतीत जन्मलेला. आपले बाप सातासमुद्रापारच्या गुलामाला भाऊ म्हणत होते. आपल्याला वाणगावच्या पाड्यावरचा माणूस लांबचा वाटतो.

परवा मी त्या गड्याच्या घरी गेलो. माफी मागितली. म्हटलं, कमिटीला परत सांगतो, तारपा आण. तो हसला. म्हणाला, "तारप्याभोवती फेर धरायचा असतो. तुमच्या मिरवणुकीत फेर कुठं मावंल? तुम्हीच या."

तेव्हा माझी सूचना अशी. १० ऑक्टोबरला जेठ्या गांगडचा दिवस, १४ ऑक्टोबरला धर्मांतराचा दिवस. मधे तीन दिवस. या वर्षी दहा तारखेला आपण तलवाड्याला जाऊ. रात्री पाड्यावर थांबू. कोणी तारपा वाजवला तर त्या फेरात हात धरून उभं राहू, त्याला पाठ न दाखवता. मग चौदा तारखेला त्यांना आपल्या विहारात बोलवू. पुढच्या मीटिंगला हा ठराव मी मांडणार आहे, आणि या वेळेला गप्प बसणार नाही.

जय भीम.