जालन्याचा पैसा कोणाकडे?

शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. निजामी राजवटीत ज्यांनी जालन्यात व्यापार केला, त्यांना हा हिशेब पाढ्यांसारखा तोंडपाठ ठेवावा लागे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार, हैदराबाद संस्थानाचा तो हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली हा दर पुढे रुळला. जालना हाली मुलखात होतं, पण पूर्वेला थोडं अंतर कापलं की देऊळगाव राजा लागतं आणि ते वऱ्हाडात. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, म्हणजे एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात नाणं बदलायचं. कापूस मुंबईला विकला तर पैसे कलदारात येत, तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हालीत चुकते होत. मधला बट्टा कोणाच्या खिशात जाणार, हा प्रश्न पेढी निवडतानाच सुटत असे.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही ऐकू येते. ती ज्या काळाची आठवण सांगते, त्या काळात या गावात पैसा होता, पण आजच्या अर्थाने बँक नव्हती. कुंडलिकेच्या एका काठाला जुनं जालना आणि दुसऱ्या काठाला कादराबाद, अशी ही जोडवस्ती. १८२७ मध्ये इथे लष्करी छावणी वसली आणि १९०३ मध्ये ती मोडली. पाऊणशे वर्षं पलटणीचा पगार, रसद आणि कंत्राटं यांच्यामुळे गावात रोख रक्कम खेळत राहिली. जिथे पगार होतो तिथे सराफ आणि सावकार येतातच. मारवाडी, गुजराती घराण्यांच्या पेढ्या मराठवाड्याच्या बाजारपेठांत रुजल्या त्या याच सुमारास. त्याच शतकात पेस्तनजी या पारशी सावकार घराण्याने औरंगाबादच्या टांकसाळीत स्वतःच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया पाडला होता. त्या काळी सावकाराची पत एवढी मोठी असू शकत होती. आणि तीच पत कोसळलीसुद्धा. निजाम सरकारला दिलेली कर्जं वसूल होईनात, तेव्हा ही पेढी बुडाली.

पेढीवर चालणारी हुंडी हा विश्वासाचा सर्वांत रेखीव कागद होता. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी वटे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच दिले जात, म्हणजे चोराच्या हाती लागली तरी त्याला ती वटवता येऊ नये. रक्कम लिहिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी आकडा, मग अक्षरी रक्कम आणि त्यानंतर ‘निमे’ म्हणजे निम्मी रक्कम लिहून तिच्या दुप्पट पुरे रुपये द्यावेत अशी ओळ. शंभरच्या आकड्यापुढे कोणी शून्य वाढवलं, तरी ‘निमे पन्नास’ ही अक्षरं त्याला उघडं पाडत. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, पेठही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत आणि तो जपून ठेवला जाई. आजची बँक ज्या गोष्टींसाठी पिन आणि ओटीपी मागते, त्यांची सोय मुनीमाच्या बोरूने लावलेली होती.

पण ही सोय व्यापाऱ्यांची होती. पेढी निवडण्याचं स्वातंत्र्य ज्याच्याकडे माल आणि नाव होतं त्यालाच मिळे. अंबड, परतूर, भोकरदनच्या शेतकऱ्याला निवड कसली? पेरणीला उचल देईल तो आपला सावकार, आणि सुगीला माल त्याच्याच दारात. हैदराबाद संस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९१४ साली आला, तरी चित्र फारसं बदललं नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीने १९५४ मध्ये तिचा अहवाल दिला. शेतकऱ्याने घेतलेल्या कर्जात सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास, सहकारी संस्थांचा ३ टक्क्यांच्या जरा वर आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहून कमी निघाला. मराठवाड्याचा बँकांचा इतिहास वाचताना हे तीन आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. इथल्या बहुसंख्य माणसांसाठी बँक ही फार उशिरा आलेली गोष्ट आहे.

१९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि कापसाच्या व्यापाराला वेग आला. माल आगगाडीने मुंबईला पोचू लागला, पण संस्थानाची स्वतःची मोठी बँक उभी राहायला आणखी चार दशकं लागली. १९४१ च्या कायद्यान्वये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९४२ रोजी हैदराबादच्या गनफाउंड्री भागात तिचं कामकाज सुरू झालं. संस्थानाचा खजिना, उस्मानिया सिक्क्याची, म्हणजे हालीची, व्यवस्था आणि सरकारी कर्ज ही तिची मुख्य कामं.

ती सुरू होऊन पाच-सहा वर्षं होतात तोच संस्थानाचं भवितव्य पणाला लागलं. भारत स्वतंत्र झाल्यावर निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानातल्या व्यवहारांत भारतीय चलन अमान्य ठरवलं. ज्या गावाचा बराच व्यापार मुंबई आणि वऱ्हाडाशी, त्या गावाला हा घाव किती खोल बसला असेल याची कल्पना करता येते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पण हाली एका दिवसात गेला नाही. १९५० पासून दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली, दर तोच, सहाला सात. हाली कायमचा रद्द झाला तो १९५९ मध्ये. म्हणजे ज्यांनी म्हातारपणासाठी मडक्यात किंवा पेटीत हाली रुपये जपले होते, त्यांना कधीतरी ते घेऊन बँकेच्या दारात जावंच लागलं. बँकेची पायरी अनेकांनी प्रथम चढली असेल ती पैसे ठेवायला नाही, तर बदलायला.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९५९ ला, हैदराबाद स्टेट बँक भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली. १९५६ पासून तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद असं झालं होतं. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, पण सरकारी पगार, पेन्शन आणि कोषागाराचे व्यवहार पुढेही हैदराबादचं नाव असलेल्या बँकेतच चालू राहिले. शिक्षक, तलाठी, पोलीस, एसटीचा वाहक यांच्या दोन-तीन पिढ्यांनी ‘हैदराबाद बँक’ म्हणतच पासबुक भरून घेतलं. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा जुने चेक, आयएफएससी कोड आणि पाट्या बदलल्या. खातेदारांचं आर्थिक नुकसान झालं नाही. तरी मुक्तिसंग्रामाआधीचं एक नाव मराठवाड्याच्या रस्त्यांवरून पुसलं गेलं, याची हळहळ रास्तच होती.

सरकारी नाव असलेल्या बँकेकडे लोकांचा ओढा का राहिला, याचं एक कारण शेजारच्या अकोल्यात सापडतं. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. ठेवीदारांचे हाल पाहून संसदेने १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकेतल्या ठेवीला विमा लागू झाला. मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँकांना हे संरक्षण १९६८ च्या दुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्याने मिळालं. १९९३ मध्ये मर्यादा १ लाखावर गेली आणि पुढची सत्तावीस वर्षं तिथेच अडकून पडली. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती ५ लाख झाली. सामान्य माणसाच्या दृष्टीने भारतीय बँकिंगमधला सर्वांत महत्त्वाचा कायदा हाच. आणि बँक निवडताना याचीच चौकशी सर्वांत कमी होते.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. संकरित बियाण्यांचा धंदा वाढला, पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने आले आणि गावाला रोजच्या व्यवहारासाठी बँकेची गरज भासू लागली. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांत बँक ऑफ महाराष्ट्र होती. पुढे जालन्याची अग्रणी बँक तीच झाली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक आली, तीही बँक ऑफ महाराष्ट्रच्याच आधाराने. पुढे विलीनीकरणांच्या मालिकेतून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ-कोकण ग्रामीण बँकही त्यात मिळून राज्यभरासाठी एकच ग्रामीण बँक उरली आहे.

शाखा वाढल्या म्हणून निवड वाढली असं मात्र झालं नाही. १ एप्रिल १९८९ पासून ‘सेवा क्षेत्र’ पद्धत लागू झाली. प्रत्येक गाव एका शाखेला नेमून दिलं गेलं आणि गावोगाव ‘दत्तक बँक’ हा शब्द रुजला. मंठ्याच्या एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याला पीककर्ज हवं असेल, तर त्याने दत्तक शाखेतच जायचं, आणि इतर बँकांकडून बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, आणायची. तिथला साहेब चांगला असो वा नसो. डिसेंबर २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे बंधन बहुतांशी उठवलं, पण ‘तुमचं गाव आमच्याकडे नाही’ हे वाक्य त्यानंतरही शेतकऱ्यांची पाठ सोडत नव्हतं. शेतकऱ्याने बँक निवडली नाही, बँकेच्या नकाशाने शेतकरी निवडला. सोसायटीचा गटसचिव, जुनं कर्ज फेडून नवं उचलण्याचं दरवर्षीचं ‘नवं-जुनं’ आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेची रांग, हाच कित्येकांचा बँकेशी आलेला सगळा संबंध.

व्यापाऱ्यांनी वेगळी वाट काढली. जालना मर्चंट्स, जालना पीपल्स अशा नागरी सहकारी बँका ही पेढीची लोकशाही आवृत्ती आहे असं म्हणता येईल. संचालक ओळखीचे, कॅश क्रेडिट लवकर मंजूर होतं, आणि आडत दुकानाचं खरं उत्पन्न किती ते शाखाधिकाऱ्याला कागद न पाहताही ठाऊक असतं. ही ओळख बँकेचं बळ असते. कर्ज देताना तीच ओळख आड येऊ लागली की ठेवीदार अडचणीत येतो.

मंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना हे अनुभवावं लागलं. १७ नोव्हेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर सहा महिन्यांचे निर्बंध घातले. परवानगीशिवाय कर्ज द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. योगायोगाने त्याच दिवशी लक्ष्मी विलास बँक या खासगी बँकेवरही निर्बंध आले. लक्ष्मी विलासचं दहा दिवसांत डीबीएस बँकेत विलीनीकरण झालं आणि तिच्या ठेवीदारांचे व्यवहार सुरू झाले. मंठ्याची बँक मात्र सावरली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. अकोल्याच्या बँकेने घडवलेला कायदा साठ वर्षांनी मंठ्याच्या माणसांच्या कामी आला.

पैसा बँकेबाहेर ठेवण्याची सवयही गेलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याने जालन्यात छापे घातले, तेव्हा पन्नास कोटींहून अधिक रोकड सापडली आणि ती मोजायला तासन् तास लागले. त्याच गावात भिशी चालते, सोनं घेतलं जातं, प्लॉटमध्ये पैसा गुंतवला जातो. तरुण मुलं मोबाइलवरून एसआयपी भरतात. यातल्या प्रत्येकाचं कारण समजण्यासारखं आहे. काळजी वाटते ती जादा व्याजाच्या पाटीची. मराठवाड्यात अलीकडच्या वर्षांत मल्टिस्टेट पतसंस्थांची चकचकीत कार्यालयं उभी राहिली, काही बंद पडली, आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकलेली कुटुंबं पोलीस ठाण्याच्या आवारात बसली. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्या ठेवीला ५ लाखांचा विमा नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची बँकांसारखी देखरेख नाही.

तेव्हा जालन्यात, अंबडमध्ये किंवा जाफराबादमध्ये आयुष्याची पुंजी कुठे ठेवायची असा विचार जो करत असेल, त्याने व्याजाच्या दराआधी काउंटरवर एकच प्रश्न विचारावा: या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर महामंडळाच्या संकेतस्थळावरील यादीत त्या बँकेचं नाव स्वतः पाहावं. हा विमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांतली रक्कम एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत असतो. त्याहून जास्त पैसे असतील तर ते एकाहून अधिक बँकांत विभागून ठेवावेत.