सही कोणाची, साक्ष कशाची?

मुक्त संगणक-प्रणालींचा इतिहास आपण औदार्याचा म्हणून वाचतो. तो दस्तऐवजांचाही आहे. २००३ साली एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आपल्या युनिक्सची संहिता लिनक्समध्ये नेली गेली, हा आरोप. अशा वेळी एखादी ओळ कोणाकडून आली हे शोधायचे, तर वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार उपसावा लागे. म्हणून मे २००४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रथा सुचवली : प्रत्येक बदलाच्या नोंदीखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि नाव.

ही सही म्हणजे कवीची नाममुद्रा नव्हे. ती 'हे माझे' म्हणत नाही. 'हे देण्याचा मला अधिकार आहे' एवढेच म्हणते. बदल पुढे सोपवणारा प्रत्येकजण खाली आपले नाव जोडतो आणि हस्तांतराची वंशावळ तयार होते.

२००६ मध्ये नियमांत टोपणनाव वर्ज्य ठरले. २०२३ मध्ये 'खऱ्या नावा'ची अट जाऊन 'परिचित ओळख' आली; अनामिकाला मात्र प्रवेश नाहीच. साहित्य-समीक्षेने संहितेला लेखकापासून मुक्त केले, असे आपण शिकवतो. येथे मुक्त संहितेलाच जामीन राहणारा माणूस लागतो. आम्हाला वाटते, कर्तृत्वाइतकीच ही जबाबदारीही लेखकपणाचा भाग आहे.