गाळणीवर गाळणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. मराठी कान मात्र रात्री पुणे केंद्र शोधीत राहिले. १९७८ च्या लहरीवाटपानंतर धारवाड ७६५ आणि पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आले. जवळचे धारवाड प्रबळ, दूरचे पुणे क्षीण. हवे ते केंद्र रेडिओ ४५५ किलोहर्ट्झच्या आय.एफ. टप्प्यावर आणी, शेजारचे तेथून २७ किलोहर्ट्झ सरके. एका गाळणीने ते दशांश झाले, तर तशाच दुसरीने शतांश होई. यालाच निवडक्षमता म्हणतात. मात्र गाळण्या वाढल्या की पट्टाही अरुंद होई आणि गायकीतील बारीक झंकार मावळे. शेजाऱ्याला दूर सारताना आपल्याच स्वराचा काही अंश गमवावा लागे.