वशिल्याचे तट्टू आणि ज्येष्ठतेची यादी

‘वशिल्याचे तट्टू’ हे शब्द ज्याच्या कानावर पडले नाहीत असा माणूस आपल्याकडे विरळाच. गावातला शिकलेला मुलगा कचेरीत कारकून लागतो, दहा-दहा वर्षे मान मोडून काम करतो आणि बढतीची वेळ आली की कुणाचा तरी भाचा-पुतण्या पुढे सरकतो, ही तक्रार पारावर नेहमीच ऐकू येते. ही तक्रार किती जुनी आहे आणि आपल्या नागपूर भागात तिच्यावर काय काय इलाज झाले, ते थोडक्यात पाहू या.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढल्याच वर्षी कंपनी सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले. तोवर कंपनीच्या मोठ्या मुलकी नोकरीसाठी विलायतेतल्या डायरेक्टराची शिफारस लागत असे. म्हणजे वशिला हाच कायदा होता म्हणा ना! 1853 च्या सनदी कायद्याने ही रीत मोडली आणि 1855 साली लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. पण ती लंडनला, बरे का! हिंदुस्थानात ती 1922 पासून घेतली जाऊ लागली. तोवर नागपूरच्या हुशार मुलाने आधी बोटीच्या भाड्याची सोय पाहावी आणि मग अभ्यासाला लागावे, अशी गत होती. दार उघडले खरे, पण उंबरठा फार उंच ठेवला.

स्वातंत्र्य आले. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधीचे वचन दिले. तरी नागपूरकरांच्या मनात एक धास्ती होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. मराठी मुलुख एक झाला आणि राजधानी मुंबईला गेली, तर इतक्या दूरच्या कचेऱ्यांत आपल्या मुलांना कोण विचारणार? ही धास्ती ओळखूनच 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी पुढाऱ्यांच्या सह्या होत्या. सर्व दर्जांच्या सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पुढे 1956 साली घटनेच्या 371 व्या कलमात विदर्भ-मराठवाड्यासाठी नोकरीच्या पुरेशा संधींचा उल्लेखही आला.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि खरी कसोटी लागली. इकडचा तहसीलदार, तिकडचा मामलेदार. इकडचा एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, तिकडचा डेप्युटी कलेक्टर. नावे वेगळी, पगार वेगळे, नियमही वेगळे. आता या सर्वांना एका ओळीत उभे करायचे, तर कोण पुढे आणि कोण मागे? या ओळीचेच नाव ज्येष्ठतेची यादी. यादीत नाव चार घरे खाली गेले की बढती लांबते आणि पेन्शनही त्या मानाने घटते. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमाने म्हणूनच सांगितले, की केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून अशा नोकरांच्या सेवाशर्ती त्यांचे नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. त्यांच्या अर्जांचा नीट विचार व्हावा म्हणून सल्लागार समित्या नेमण्याचीही तरतूद त्यात होती.

तंटे मात्र मिटले नाहीत. जुन्या मध्य प्रदेशातून आणि हैदराबादेतून आलेल्या विक्रीकर अधिकाऱ्यांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1981 साली न्यायालयाने त्यात सांगितले, की बढतीसाठी आपला विचार होणे ही सेवेची शर्त आहे, पण बढतीची निव्वळ शक्यता ही शर्त नव्हे. हा भेद बारीक आहे. संत्र्याच्या लिलावाचे उदाहरण घ्या. आपला माल बोलीत मांडला गेलाच पाहिजे, हा आपला हक्क. अमुकच भाव मिळाला पाहिजे, हा हक्क नव्हे. पण आपली टोपली न उघडताच कुणी बाजूला सारू लागला, तर जाब विचारता येतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हेच तुमच्या शाळेलाही लागू आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठीच्या 1981 च्या नियमावलीत बारावा नियम आहे. संस्थेने ज्येष्ठतेची यादी करावी, ती कर्मचाऱ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घ्याव्यात, हरकतींचा विचार करावा आणि वाद उरला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा, असे तो सांगतो. पुष्कळजण यादी न वाचताच सही करतात आणि मुख्याध्यापकपद दुसऱ्याला मिळाले की मग कपाळाला हात लावतात! यादी हाती आली की आपली रुजू झाल्याची तारीख तपासा. चूक दिसली तर वेळेत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. खात्याची परीक्षा असेल तर ती वेळेवर उतरा. सरकारी कचेरीतले कागद पाहायचे असतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच.

एवढ्याने वशिला संपेल, असे मी म्हणणार नाही. कागदावरचे वचन आपोआप पाळले जात नाही. विदर्भासाठी 1994 साली वैधानिक विकास मंडळ झाले, त्याचीही मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. पण डायरेक्टराच्या शिफारशीपासून छापील यादीपर्यंतची वाट कुणाच्या मेहेरबानीने तयार झालेली नाही. लोकांनी अर्ज केले, सह्या केल्या, दावे लढवले, तेव्हा ती झाली. वशिल्याचे काम तोंडी चालते, त्याला कागद मानवत नाही. म्हणून ज्याला वशिला नाही, त्याने तरी कागदाचा कंटाळा करू नये.